पगाराचे तीनातले दोन हिस्से दुर्बिणीत घातले, धूमकेतू शोधून घराचे हप्ते फेडले. गोष्ट आकाशगंगेचे फोटो काढणाऱ्या बर्नार्डची

इन्स्टाग्रामवर आकाशगंगेचा एखादा भारी फोटो दिसतो. आपल्यालाही असा काढता येईल का म्हणून आपण किमती शोधायला लागतो. कॅमेरा, लेन्स, ट्रायपॉड, आकाशाबरोबर फिरणारा ट्रॅकर, जमलंच तर दुर्बीण. यादी वाढत जाते आणि पाचव्या मिनिटाला माणूस गुपचूप फोन खाली ठेवतो. अ‍ॅस्ट्रोफोटोग्राफीच्या नादाला लागू पाहणाऱ्या कितीतरी जणांचा प्रवास इथंच थांबतो.

तसा हा छंद सुरुवातीपासूनच पैसेवाल्यांचा. १८८० साली मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा पहिला फोटो काढला तो न्यूयॉर्कच्या हेन्री ड्रेपरनं. पेशानं डॉक्टर, प्राध्यापक आणि बायको बड्या श्रीमंत घरातली. १८८८ मध्ये देवयानी दीर्घिकेचा गाजलेला फोटो काढणारा आयझॅक रॉबर्ट्स लिव्हरपूलचा बांधकाम व्यावसायिक. त्याच्याकडं स्वतःची २० इंची दुर्बीण होती. दोघंही हौशी, पण हौसेला मोल नसलेले.

याच काळात अमेरिकेतल्या एका गावात एक पोरगा होता. बाप जन्माआधीच गेलेला, शाळा दोन महिन्यांची आणि पोटासाठी फोटो स्टुडिओत नोकरी. त्याचं नाव एडवर्ड एमर्सन बर्नार्ड.

खगोलशास्त्रात थोडाफार रस असेल तर बर्नार्ड्स स्टार हे नाव कानावर आलेलं असतं. तोच हा बर्नार्ड. पण त्या ताऱ्यापर्यंत आपण नंतर येऊ, आधी पोटापाण्याचं बघू.

बर्नार्डचा जन्म १६ डिसेंबर १८५७ चा, टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलचा. तो चार वर्षांचा होईपर्यंत अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि नॅशव्हिल त्याच्या ऐन तडाख्यात सापडलं. घरात आई आणि दोन मुलं. आई मेणाची फुलं करून विकायची. जे काही लिहायला वाचायला शिकवलं ते तिनंच.

वयाच्या नवव्या वर्षाच्या आसपास पोराला व्हॅन स्टाव्होरेन नावाच्या माणसाच्या फोटो स्टुडिओत कामाला लावलं. काम काय? तर स्टुडिओच्या छपरावर एक अवजड यंत्र होतं. निगेटिव्हवरून मोठे फोटो छापायचं. तेव्हा विजेचे दिवे नव्हते, त्यामुळं उजेड सूर्याचा घ्यायचा. सूर्य सरकतो, तसं यंत्रही सरकवत राहावं लागायचं. नाहीतर छपाई बिघडायची. या यंत्राची चाकं हातानं फिरवत ते दिवसभर सूर्यावर रोखून धरायचं, हे बर्नार्डचं काम. आधीची पोरं उन्हात बसल्या बसल्या पेंगायची. हा पेंगला नाही. यंत्राचं नाव होतं ज्युपिटर, म्हणजे गुरू ग्रह.

दिवसभर सूर्याकडं लक्ष ठेवून ठेवून पोराच्या लक्षात यायला लागलं की घड्याळातले बारा आणि सूर्याचे बारा वर्षभर जुळत नाहीत. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

स्टुडिओत तो थोडीथोडकी नाही, सतरा वर्षं राहिला. प्लेट धुणं, रसायनं कालवणं, डार्करूम, छपाई, सगळं तिथंच अंगवळणी पडलं. ड्रेपर आणि रॉबर्ट्सनं दुर्बिणी विकत घेतल्या, पण हा भाग त्यांनाही स्वतः शिकावा लागला असणार. बर्नार्डला तो पगार घेत घेत शिकता आला.

आकाशाचं वेड मात्र एका बुडीत उधारीतून लागलं. ओळखीतल्या एका पोरानं त्याच्याकडं दोन डॉलर उसने मागितले आणि तारण म्हणून एक पुस्तक ठेवलं. पैसे परत येणार नाहीत हे बर्नार्डला तेव्हाच कळलं होतं आणि ते आलेही नाहीत. चिडचिड करत त्यानं पुस्तक उघडलं. ते निघालं थॉमस डिक यांचं खगोलशास्त्रावरचं. त्यात ताऱ्यांचे नकाशे होते. लहानपणी उन्हाळ्याच्या रात्री उघड्यावर पडून तो डोक्यावरचा एक ठळक तारा बघायचा. त्या ताऱ्याला अभिजित म्हणतात, हे त्या दिवशी कळलं. त्या काळात दोन डॉलर म्हणजे त्याच्यासाठी चेष्टा नव्हती. तरी हा सौदा स्वस्तातच पडला म्हणायचा.

स्टुडिओतल्या एका सहकाऱ्यानं जुनं भिंग बसवून त्याला एक छोटी दुर्बीण करून दिली. त्यावर काही काळ भागलं. मग १८७६ मध्ये त्यानं न्यूयॉर्कच्या जॉन बर्न या कारागिराकडून ५ इंची दुर्बीण घेतली.

किंमत ३८० डॉलर. आणि त्याची वर्षाची कमाई? ३८० म्हणजे तिच्यातला दोन तृतीयांश. आज एखाद्या पोराचा पगार महिन्याला तीस हजार धरला, तर त्यानं दोन लाख चाळीस हजारांची दुर्बीण घेण्यातला हा प्रकार. तेही घरात आजारी आई असताना. वय विशीच्या आत.

एवढं करून पहिला धक्का लगेच पुढच्या वर्षी बसला. १८७७ मध्ये अमेरिकेतल्या वैज्ञानिकांचं मोठं अधिवेशन नेमकं नॅशव्हिललाच भरलं. अध्यक्ष होते सायमन न्यूकम, त्या देशातले सगळ्यात दबदब्याचे खगोलशास्त्रज्ञ. बर्नार्ड त्यांना जाऊन भेटला, दुर्बीण घेतल्याचं सांगितलं आणि काय करू म्हणून विचारलं. गणित येत नसेल तर दुर्बीण बाजूला ठेव आणि आधी गणित शीक, या अर्थाचं उत्तर मिळालं. फारतर धूमकेतू शोध, हेही सांगितलं गेलं. पोरगा खांबाआड जाऊन रडला. मग त्यानं गणिताची शिकवणी लावली. म्हणजे दुर्बिणीनंतरचा पुढचा खर्च तो.

धूमकेतूंचा सल्ला मात्र भलताच कामी आला, आणि तोही पैशाच्या बाजूनं.

झालं असं की रोचेस्टर गावात एच. एच. वॉर्नर नावाचा एक उद्योगपती होता. यकृत आणि मूत्रपिंडाच्या विकारांवरची बाटलीबंद औषधं विकून तो गब्बर झाला होता. त्यानं जाहिरातीचा भाग म्हणून बक्षीस लावलं. अमेरिकेतून जो कुणी नवा धूमकेतू शोधेल त्याला रोख २०० डॉलर. औषधांचा गुण कुणाला आला ते तो वॉर्नरच जाणे, बर्नार्डला मात्र नक्की आला.

१८८१ च्या सुरुवातीला त्याचं लग्न झालं होतं. बायको ऱ्होडा कॅल्व्हर्ट, मूळची इंग्लंडची. तिचे भाऊ त्याच स्टुडिओत कामाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याला धूमकेतू सापडला आणि २०० डॉलर हातात आले. नवराबायकोनं विचार केला, जागा घेऊ आणि घर बांधू. उरलेले पैसे कर्जाऊ. आता कर्जाचे हप्ते कशातून फेडायचे? तर पुढच्या धूमकेतूतून.

हे वाचायला गमतीदार वाटतं. पण धूमकेतू काही सांगून येत नाहीत. दिवसभर स्टुडिओत उभं राहायचं आणि रात्री गच्चीवर किंवा अंगणात दुर्बीण लावून आकाशाचा एकेक पट्टा विंचरायचा. चंद्र नसेल तेव्हा आणि पहाटेच्या अंधारात. हप्ता जवळ यायचा आणि हा माणूस आकाशात पैसे शोधायचा. नवल म्हणजे पुढची काही वर्षं ते मिळतही गेले. एकामागून एक धूमकेतू, एकामागून एक बक्षीस. गावानं त्या घराचं नाव ठेवलं कॉमेट हाउस, म्हणजे धूमकेतूचं घर.

१८८३ मध्ये नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठानं त्याला शिष्यवृत्ती देऊन तिथली वेधशाळा सांभाळायला घेतलं. स्टुडिओ सुटला. आणि १८८७-८८ च्या सुमाराला बोलावणं आलं ते थेट कॅलिफोर्नियातून.

तिथं माउंट हॅमिल्टनच्या डोंगरावर लिक वेधशाळा उभी राहत होती. जेम्स लिक हा पियानो बनवणारा, पुढं सॅन फ्रान्सिस्कोत जमिनी घेऊन कुबेर झालेला गृहस्थ. त्यानं सात लाख डॉलर ठेवून दिले, जगातली सगळ्यात मोठी दुर्बीण उभारायला. ३६ इंच व्यासाचं भिंग आणि जवळपास ५७ फूट लांबीची नळी. लिक स्वतः त्या दुर्बिणीच्या पायाखाली पुरलेला आहे.

बर्नार्ड तिथं पोचला खरा, पण ३६ इंची दुर्बीण वरिष्ठांच्या ताब्यात. संचालक एडवर्ड होल्डन यांच्याशी त्याचं कधी पटलं नाही. मग त्यानं वेधशाळेत पडून असलेलं एक दुसरंच भिंग हाती घेतलं. विलर्ड कंपनीचं, सुमारे ६ इंच व्यासाचं, जुनं, वापरलेलं. ते आकाशासाठी बनवलेलंच नव्हतं. फोटो स्टुडिओत माणसांचे चेहरे टिपण्यासाठी केलेलं पोर्ट्रेट लेन्स होतं ते. ज्या धंद्यात बर्नार्डची सतरा वर्षं गेली, त्या धंद्यातलं.

आता इथं जरा थांबून एक हिशोब समजून घ्यायला हवा, कारण आजही कॅमेरा घेताना लोक इथंच फसतात.

तारा म्हणजे ठिपका. तो टिपायला भिंग जितकं मोठं तितकं चांगलं. पण आकाशगंगा हा पसरलेला उजेड आहे. तो प्लेटवर किती दाट पडेल हे भिंगाच्या नुसत्या आकारावर ठरत नाही. भिंगापासून प्लेट किती लांब आहे, त्या लांबीला भिंगाच्या व्यासानं भागलं की जो आकडा येतो त्यावर ठरतं. आकडा लहान तितका फोटो लवकर उमटतो. कॅमेऱ्याच्या लेन्सवर एफ ५, एफ २.८ असं लिहिलेलं असतं तो हाच आकडा. विलर्डच्या भिंगाची लांबी ३१ इंच, म्हणजे आकडा पाचच्या जवळ. ३६ इंची महाकाय दुर्बिणीचा आकडा एकोणीसच्या घरात. हा फरक वर्गानं वाढतो. म्हणजे आकाशगंगेच्या धूसर उजेडासाठी ते सेकंडहँड लेन्स त्या अजस्र दुर्बिणीपेक्षा दहापटीहून जास्त वेगवान होतं. शिवाय मोठ्या दुर्बिणीत आकाशाचा चिमूटभर तुकडा दिसतो, तर या लेन्समध्ये अख्खं नक्षत्र मावायचं.

मग अडचण कुठं होती? ती होती पृथ्वी फिरते ही. दर दोन मिनिटांना आकाश पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीइतकं सरकतं. कॅमेरा स्थिर ठेवला तर ताऱ्यांच्या रेघा उमटतात. म्हणून कॅमेरा आकाशाबरोबर फिरवावा लागतो, आणि या छंदातला खरा खर्च इथंच असतो. आजही अनुभवी लोक नव्या माणसाला सांगतात की लेन्स साधं घे, पण ते फिरवणाऱ्या माउंटवर पैसे घाल.

बर्नार्डनं विलर्डचं लेन्स लाकडी खोक्यात बसवलं आणि ते खोकं एका लहान दुर्बिणीच्या अंगावर बांधलं. दुर्बिणीला घड्याळासारखं यंत्र होतं, पण ते अचूक चालायचं नाही. मग हा दुर्बिणीतून एका ताऱ्याकडं बघत बसायचा. तारा मधल्या तारेच्या फुलीवरून जरा ढळला की हातानं सावरायचा. तीन तीन, चार चार तास. डोळा बाजूला करायचा नाही. डोंगरावरच्या थंडीत शेकोटी नाही, कारण गरम हवेनं ताऱ्यांची प्रतिमा थरथरते.

ओळखीचं वाटतंय ना हे काम? नवव्या वर्षी छपरावर बसून तो हेच करत होता. तेव्हा समोर सूर्य होता, आता तारा.

१८८९ च्या उन्हाळ्यात त्यानं धनू राशीकडच्या आकाशगंगेच्या प्लेटा धुतल्या आणि त्यावर जे उमटलं ते तोवर कुणी पाहिलेलं नव्हतं. डोळ्यांना जो नुसता धुरकट पट्टा दिसतो तो ताऱ्यांच्या ढगांनी भरलेला होता. त्या ढगांमधून काळ्या वाटा, काळी भोकं, काळे ओघळ गेलेले.

हे फोटो बघून पैसेही आले. रेल्वेच्या पैशातून मोठ्या झालेल्या क्रॉकर घराण्यातल्या चार्ल्स क्रॉकरनं त्या लेन्ससाठी नीट माउंट करून दिलं. १८९२ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच लेन्सच्या एका प्लेटवर बर्नार्डला एक अस्पष्ट रेघ दिसली. तो धूमकेतू निघाला. आकाशाच्या नेहमीच्या फोटोवरून शोध लागलेला हा पहिला धूमकेतू. नंतर तो हरवला. तो पुन्हा सापडला थेट २००८ मध्ये, ११६ वर्षांनी, तोही डिजिटल कॅमेऱ्याला.

मधल्या काळात एका वर्तमानपत्रानं भलताच विनोद केला. १८९१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को एक्झॅमिनरनं छापलं की बर्नार्डनं धूमकेतू आपोआप शोधणारं यंत्र बनवलंय, रात्री ते आकाश धुंडाळतं आणि धूमकेतू दिसला की घंटी वाजवून झोपलेल्या बर्नार्डला उठवतं. रात्र रात्र हातानं दुर्बीण धरणाऱ्या माणसाबद्दल ही बातमी! तो खुलासे करत राहिला, ऐकलं कुणीच नाही. आज आकाशाची धुंडाळणी खरोखर यंत्रंच करतात ही गोष्ट वेगळी.

१८९२ मध्ये अखेर त्याला ३६ इंची दुर्बीण आठवड्यातून एक रात्र मिळायला लागली. ९ सप्टेंबरच्या रात्री त्यानं गुरूचा पाचवा चंद्र शोधला. गॅलिलिओनं १६१० मध्ये चार शोधले होते, त्यानंतरचा हा पहिला. दुर्बिणीला नुसता डोळा लावून सापडलेला ग्रहमालेतला हा शेवटचा चंद्र. या एका शोधानं तो जगभर गाजला.

१८९५ मध्ये तो शिकागो विद्यापीठाकडं गेला. तिथल्या यर्किस वेधशाळेसाठी पैसा दिला होता ट्रामवाल्या चार्ल्स यर्किसनं. आणि तिथं बर्नार्डला पहिल्यांदा त्याच्या मनासारखा, फक्त आकाशगंगेचे फोटो काढण्यासाठीचा कॅमेरा मिळाला. न्यूयॉर्कच्या कॅथरीन वुल्फ ब्रूस यांनी १८९७ मध्ये त्यासाठी ७ हजार डॉलर दिले. वडील छपाईच्या खिळ्यांचे मोठे कारखानदार, त्या पैशातून ही बाई जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना मदत करायची. हवं तसं भिंग मिळेपर्यंत बर्नार्डनं घाई केली नाही. दुर्बीण पूर्ण व्हायला १९०४ उजाडलं. १० इंची लेन्स, जोडीला सहा इंचाच्या वरचं दुसरं. आणि तारा धरून ठेवण्यासाठी बाजूला एक ५ इंची दुर्बीण. म्हणजे ज्या मापाच्या दुर्बिणीसाठी त्यानं दोन तृतीयांश पगार ओतला होता, त्या मापाची दुर्बीण आता नुसती नेम धरायला होती.

१९०५ मध्ये लॉस एंजेलिसच्या जॉन हूकर यांच्या मदतीनं हा कॅमेरा कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवर नेला. तिथून दक्षिणेकडचं आकाश जास्त दिसतं. तिथल्या काही महिन्यांत बर्नार्डनं झोप अशी फारशी घेतलीच नाही. त्याच्या नावाच्या पुस्तकातले बहुतेक गाजलेले फोटो तेव्हाचे.

ते काळे ओघळ मात्र त्याला सोडत नव्हते. सुरुवातीला त्यालाही वाटायचं की ती ताऱ्यांमधली रिकामी भोकं आहेत. पण प्लेटांमागून प्लेटा बघताना मत हळूहळू बदललं. ती भोकं नव्हती. मागच्या ताऱ्यांचा उजेड अडवणारं काहीतरी मध्ये होतं. १९१९ मध्ये त्यानं अशा १८२ काळ्या ठिकाणांची यादी छापली. आज आपण त्यांना धुळीचे आणि वायूचे कृष्णमेघ म्हणतो आणि नवे तारे तिथंच जन्मतात हे माहीत आहे. हौशी फोटोग्राफर ज्याच्या मागं लागतात तो घोड्याच्या डोक्याच्या आकाराचा मेघ बर्नार्ड ३३ या क्रमांकानं ओळखला जातो, तो याच यादीतला.

त्याच्या नावाचा ताराही प्लेटांवरूनच सापडला. १९१६ मध्ये जुनी आणि नवी प्लेट ताडून बघताना एक अंधूक तारा जागा सोडून सरकलेला दिसला. ताऱ्यांच्या मानानं त्याचा वेग अफाट. दुसरा कुठलाच तारा आपल्या आकाशात इतक्या झपाट्यानं सरकत नाही. जुन्या प्लेटा जपून ठेवायला फार पैसे लागत नाहीत, फक्त फेकून द्यायच्या नसतात.

शेवटी उरलं होतं फोटोंचं पुस्तक. आणि इथं स्टुडिओतला पोरगा पुन्हा जागा झाला. लिकमधले फोटो छापायला त्यानं इतकी वर्षं लावली की ते पुस्तक १९१३ मध्ये आलं, फोटो काढून वीस वर्षं होऊन गेल्यावर. कुठल्याच छापखान्याचं काम त्याला पसंत पडेना. दुसऱ्या पुस्तकासाठी त्यानं छपाईचा नादच सोडला. कार्नेगी इन्स्टिट्यूशनच्या पैशातून निगेटिव्हवरून खरेखुरे फोटो काढून घेतले आणि तेच पुस्तकात चिकटवायचं ठरवलं. ७०० प्रती, प्रत्येकीत पन्नास भाग आकाशाचे. म्हणजे ३५ हजारांवर फोटो. त्यातला एकेक त्यानं स्वतः तपासला, आणि मनाला आला नाही तो बाजूला काढला.

मजकूर लिहून पूर्ण व्हायच्या आत तब्येतीनं दगा दिला. मधुमेह आधीपासून होताच. १९२१ मध्ये ऱ्होडा गेली. ६ फेब्रुवारी १९२३ ला बर्नार्डही गेला. नॅशव्हिललाच त्याला पुरलं.

राहिलेलं काम ऱ्होडाची भाची मेरी कॅल्व्हर्ट हिनं संचालक एडविन फ्रॉस्ट यांच्यासोबत हाती घेतलं. ती १९०५ पासून बर्नार्डची मदतनीस होती. त्याच्या टिपणांवरून तिनं नकाशे आणि तक्ते तयार केले आणि १९२७ मध्ये आकाशगंगेच्या निवडक भागांचा तो अ‍ॅटलास बाहेर पडला. फोटो तोवर दहा वर्षं तयार होऊन पडले होते.